टाळेबंदीत घरी अडकलेले महाविद्यालयीन विद्यार्थी नेमके कशाच्या आधारावर टिकले?

गणकमास्तर :

मार्च 2020 च्या मध्यावर राज्यातील महाविद्यालये बंद झाली, तेव्हा विद्यार्थ्यांना ती 31 मार्चपर्यंतची सुट्टी म्हणून सांगण्यात आली होती. 22 मार्चची जनता संचारबंदी आणि 25 मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी या गोष्टी त्यानंतरच्या. त्यामुळे वसतिगृहातून निघताना मुलांनी पाठीवरच्या पिशवीत दोन-चार कपडे आणि चार्जर एवढेच घेतले. पुस्तके, प्रयोगवह्या, गादी, बादली सगळे खोलीत राहिले. पुढे त्यांतल्या कित्येक वसतिगृहांत विलगीकरण कक्ष उघडले आणि मुलांचे सामान कुणीतरी पोत्यांत भरून एका कोपऱ्यात रचून ठेवले. महाविद्यालये 15 फेब्रुवारी 2021 रोजी निम्म्या उपस्थितीने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 20 ऑक्टोबर 2021 पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांसाठी सुरू झाली. तीन वर्षांच्या पदवीतील निम्मा काळ या हिशेबात घरी गेला.

मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी संख्याशास्त्र शिकवतो. त्या काळाविषयी आजही दोनच प्रकारे बोलले जाते. एक म्हणजे 'या मुलांचे शैक्षणिक नुकसान झाले', आणि दुसरे म्हणजे 'वेळापत्रक करा, योगासने करा, नवा छंद जोपासा' ही त्या वेळी सर्वत्र वाटली गेलेली सल्ल्यांची पुडी. मुलांनी ते दिवस प्रत्यक्षात कसे काढले, हे या दोन्हींतून कळत नाही.

माझे निरीक्षण असे आहे की, घरी परतल्याबरोबर मुलाचे विद्यार्थी असणे घरच्यांच्या नजरेआड झाले. तो पुण्याला किंवा औरंगाबादला असेपर्यंत 'शिकायला' असतो आणि त्याच्या वेळेवर कुणी हक्क सांगत नाही. तोच मुलगा ओसरीवर मोबाइल घेऊन बसला की तो रिकामा असतो, आणि रिकाम्या माणसाला काम सांगणे हे घराचे कर्तव्यच ठरते. त्या खरिपात आमच्याकडे अनेक शेतकऱ्यांचे सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही आणि दुबार पेरणी करावी लागली. एकदा प्रसामान्य वितरण शिकवत असताना एका विद्यार्थ्याचा माइक चालू राहिला आणि आम्हा सगळ्यांना त्याच्या वडिलांचा आवाज ऐकू आला : "त्येला म्हणावं थांब जरा, आधी पिशवी उचल." सांगण्यात राग नव्हता. शिकवणारा मास्तर मोबाइलमधून थांबू शकतो, पाऊस थांबत नाही, एवढाच तो व्यवहार होता. त्या मुलाने माइक बंद केला, आणि तासाभराने मला संदेश पाठवला की सर, आलेख पुन्हा एकदा समजावून सांगाल का.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे तग धरून राहिले, त्यांच्यात हुशारी किंवा आर्थिक स्थिती यांपेक्षा एक गोष्ट समान दिसली. दिवसातील काही वेळ आपला आहे, हे त्यांनी घराकडून मान्य करून घेतले होते. हे निरीक्षण एका गावापुरते असू शकते. म्हणून त्या वेळी विद्यार्थी असलेल्यांनी, तसेच पालकांनी आणि शिक्षकांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. ऑनलाइन शिक्षण चांगले की वाईट, हा वाद कृपया येथे नको. त्यावर बोलून झाले आहे.

रानजाई :

मास्तर, तुमचे निरीक्षण मला पूर्ण पटते, मात्र मुलींच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे.

मी पुण्यात रसायनशास्त्राच्या एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि लातूर जिल्ह्यातल्या गावी परतले. घरात आजी, आई-वडील, बारावीला असलेला भाऊ आणि मी, एवढ्या माणसांत स्मार्टफोन दोन. एक वडिलांचा, जो त्यांच्याबरोबर शेतात जाई, आणि दुसरा माझा, जो घरी आल्यावर 'घरातला फोन' झाला. भावाची बारावी असल्याने पहिला हक्क त्याचा, हे कुणी बोलून दाखवले नाही, पण ठरून गेले. माझा भौतिक रसायनाचा तास आणि त्याच्या शिकवणीचा तास एकाच वेळी असला की मी मैत्रिणीने काढलेल्या टिपणांचे फोटो रात्री उतरवून घेत असे. दिवसाचा दीड जीबी डेटा व्हिडिओ चालू ठेवला तर दुपारीच संपायचा, म्हणून आम्ही सरांचा चेहरा न पाहता नुसता आवाज ऐकायचो.

काम कमी पडले नाही. सकाळचे पाणी, भाकऱ्या, धुणे, दुपारी शेतावर डबा, शिवाय आजीची औषधे. वसतिगृहात असताना मी वर्षातून दोनदा घरी येई तेव्हा पाहुणी असे, आता घरातली बाई झाले. त्यातच स्थळे येऊ लागली. पन्नास माणसांत लग्न उरकण्याची सरकारी मुभा म्हणजे कित्येक वडिलांना कर्ज न काढता मुलगी उजवण्याची संधी वाटली, आणि त्यात त्यांचे सगळेच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. हुंडा आणि मांडवाचा खर्च ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा हिशेब कळेल. माझ्या पदवीच्या वर्गातील मैत्रिणींपैकी काहींची लग्ने त्या उन्हाळ्यात झाली आणि त्यांनी पुढच्या वर्षाचा अर्ज भरलाच नाही.

मी काय केले ते सांगते. विभागाचे वेळापत्रक आले तेव्हा ते मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून स्वयंपाकघरात मांडणीच्या वर चिकटवले. 'अकरा ते बारा : तास. दोन ते तीन : तास.' प्रत्यक्षात दुपारी तास नसायचा, तो मी माझ्या वाचनासाठी घातला होता. पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. मग एकदा शेजारची काकू साखर मागायला आली आणि मला हाक मारू लागली, तेव्हा आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "तिचा तास चालू हाय, तुम्ही घ्या डब्यातनं." तूरडाळीच्या डब्यात फोन उभा रोवून मी वही घेऊन बसले होते. स्थळाचा विषय बंद झाला नाही, पण 'तिचं चालू आहे अजून' हे वाक्य आईने बापूंनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, ऐकवले, आणि ते पुढे वर्षभर पुरले.

कोथरूडचा_कासव :

धागाकर्त्यांशी मी अर्धाच सहमत आहे. तुमच्या विवेचनावरून असे वाटते की ज्याला स्वतंत्र खोली, वेळ आणि इंटरनेट मिळाले, त्याचे निभावले. मला हे तिन्ही मिळाले होते आणि तरीही माझे निभावले नाही.

पुण्यातच घर, अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष, स्वतःची खोली, लॅपटॉप आणि वाय-फाय. घरात मला कुणी काम सांगितले नाही. उलट 'तो अभ्यास करतो आहे' या समजुतीने आई दारावर टकटक करून खाण्याची ताटली आत ठेवून जाई. मी तासाला नाव लावायचो, कॅमेरा बंद ठेवायचो आणि झोपायचो. रात्रभर गेम खेळायचो. एप्रिल सरता सरता मी पहाटे पाचला झोपून दुपारी एकला उठू लागलो होतो. दुःख, भीती असे काही वाटत नव्हते, आणि हेच सांगायला अवघड आहे, कारण काहीच वाटत नव्हते. घरच्यांनी माझे विद्यार्थी असणे पुरेपूर मान्य केले होते आणि त्या मान्यतेआड मी लपून बसलो होतो.

त्यातून बाहेर काढले ते एका अगदी साध्या गोष्टीने. वर्गातील एका मुलीने रात्री नऊला गूगल मीटची एक लिंक गटावर टाकली आणि लिहिले की यात कुणी बोलायचे नाही, कॅमेरा टेबलाकडे वळवायचा आणि आपापला अभ्यास करायचा. आम्ही चौघे-पाचजण त्यात बसू लागलो. पडद्यावर फक्त हात, वह्या आणि चहाचे कप दिसत. मध्येच कुणीतरी उठून जाई आणि परत येई. आपण उठून गेलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल, एवढ्या एका जाणिवेने माझी झोप हळूहळू जागेवर आली. झूमची फुकटची बैठक 40 मिनिटांनी तुटत असल्यामुळे आम्ही ती वापरली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

थोडक्यात, घराने मोकळीक देणे एका टोकाच्या मुलांना हवे होते आणि दुसऱ्या टोकाच्या मुलांना कुणीतरी पाहते आहे याची गरज होती. तुमच्या गावात पहिला प्रकार अधिक असेल, आमच्या सोसायटीत दुसरा होता.

सुपारीबाग :

मी दापोली तालुक्यातला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मंडणगड-दापोलीपर्यंत सगळे झोडपून गेले. त्यानंतर आमच्या गावात कित्येक आठवडे वीज नव्हती. ऑनलाइन तासांना उपस्थित राहा, असे संदेश मला जुलैत एकगठ्ठा मिळाले.

वरील दोन्ही प्रतिसादांतील अडचणी मला समजतात, पण आमच्याकडे प्रश्नच वेगळा होता. बागेतली नारळ-सुपारीची झाडे आडवी झाली होती. सुपारीचे झाड लावल्यापासून हाती पीक यायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे वडिलांचे पुढचे दशक त्या दिवशी जमिनीवर पडले होते. कोयत्याने ओंडके तोडणे, कौले गोळा करणे, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहणे यात महिना गेला. बाजारपेठेत एका दुकानदाराने जनित्र लावले होते आणि मोबाइल चार्ज करायचे दहा रुपये घेत असे. तिथे रांगेत महाविद्यालयातले सगळे भेटायचे. मुखपट्टी लावून, दोन हात अंतर ठेवून आम्ही तिथेच पुस्तकांची देवाणघेवाण केली.

मी मनाने त्या काळात चांगला होतो, हे लिहिताना विचित्र वाटते. अंगमेहनत होती, संध्याकाळी झोप यायची, आणि आपण कामाला येतो आहोत हे दिसत होते. खरी घसरण सप्टेंबरात झाली, जेव्हा वीज आली, काम संपले आणि मी बुडालेल्या सत्राच्या ध्वनिचित्रफिती पाहायला बसलो. त्यामुळे 'घरकामामुळे अभ्यास बुडाला' हे विधान मला निम्मेच वाटते. अभ्यास बुडाला हे खरे, माणूस मात्र त्याच कामाने तरला.

गणकमास्तर :

कासव आणि सुपारीबाग, दोघांचेही मनापासून आभार. काम आणि मनःस्थिती यांचा संबंध मी मांडलाच नव्हता. आमच्याकडेही रोजगार हमीच्या कामावर किंवा पेरणीला जाणारी मुले थकलेली असत, पण विझलेली नसत. ज्या घरांत शेती नव्हती आणि बापाचे सलून, टपरी किंवा रिक्षा बंद होती, तेथील मुले मला अधिक काळजीत टाकत. कारण त्या घरांत सगळेच दिवसभर एकमेकांसमोर बसून होते.

ओहायोकर :

धाग्याचा विषय घरी राहण्याचा आहे आणि आम्ही घरी नव्हतो, तरीही लिहितो. कारण घर नसताना 'घरी राहा' हा आदेश पाळणे हीसुद्धा त्याच काळातील गोष्ट आहे.

मी अमेरिकेत ओहायो राज्यात एम. एस. करत होतो. मार्चमध्ये विद्यापीठाने वर्ग ऑनलाइन केले आणि अमेरिकन मुले आपापल्या घरी निघून गेली. भारताने त्याच महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली, त्यामुळे आमचा परतीचा रस्ताच उरला नाही. 'वंदे भारत'ची उड्डाणे सुरू झाली ती 7 मे रोजी. भाड्याच्या घरात आम्ही तिघे, एक सोलापूरचा, एक विजयवाड्याचा आणि मी. विद्यापीठातल्या नोकऱ्या वसतिगृहे आणि भोजनगृहे बंद झाल्याने गेल्या, आणि आम्हाला परिसराबाहेर काम करण्याची परवानगी नव्हती.

6 जुलैला तिथल्या सरकारने जाहीर केले की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्या आणि 14 जुलैला तो निर्णय मागे घेण्यात आला. मधले आठ दिवस आम्ही बॅगा काढून त्यांच्याकडे पाहत बसलो होतो. घरी काही सांगितले नाही. साडेनऊ तासांच्या फरकामुळे आईचा फोन आमच्या सकाळी येई आणि ती विचारी, जेवलास का. तिच्याकडे तेव्हा रात्रीची जेवणे झालेली असत. आम्ही तिघांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या आणि रोज रात्री आठला एकत्र ताटावर बसायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, असा नियम केला. सोलापूरच्या मित्राने शेंगाचटणी कुटायला सुरुवात केली आणि विजयवाड्याचा मुलगा ती भातात कालवून खाऊ लागला. अभ्यासाचे वेळापत्रक आम्हा कुणाचेच टिकले नाही. जेवणाचे टिकले, आणि बाकीचा दिवस त्याच्या आधाराने उभा राहिला.

ऐकणारी :

मी त्या काळात एका महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रात काम करत होते. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' हा उपक्रम आणि त्याची दूरध्वनी सेवा सुरू केली, आमच्यासारख्या अनेक संस्थांनीही आपापले क्रमांक जाहीर केले. हेतू चांगला होता. पण पहिल्या काही आठवड्यांत आमच्याकडे फोनच येत नव्हते, आणि बैठकीत यावर 'विद्यार्थ्यांना गरज नाही' असा निष्कर्ष निघू पाहत होता.

कारण नंतर एका विद्यार्थिनीनेच सांगितले. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असताना 'मला घरी गुदमरल्यासारखे होते' हे वाक्य कुठे उभे राहून बोलायचे? टाळेबंदीत बाहेर जाण्याची मुभा भाजी आणि औषधांपुरती होती. दार लावून बोलावे तर घरच्यांना भलताच संशय यायचा. मग आम्ही वेळ बदलली. सकाळी पाणी भरण्याची वेळ, संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जाण्याची वेळ, दळण आणायला जाण्याची वेळ, अशा वेळी फोन येऊ लागले. बोलणे दहा-बारा मिनिटांचे असे आणि मध्येच "हो, उद्या पाठवते वही" असे म्हणून तोडले जाई. म्हणजे कुणीतरी वर आले, हे आम्ही समजून घेत असू. ज्यांना तेवढेही शक्य नव्हते ते रात्री लिहून पाठवत.

या धाग्यावर अजून न आलेली एक गोष्ट नोंदवते. ज्यांच्या घरात आधीपासून मारहाण, व्यसन किंवा सततची भांडणे होती, त्यांच्यासाठी वसतिगृह हे केवळ शिकण्याचे ठिकाण नव्हते, ती सुटका होती. अशा मुलांना वेळापत्रक चिकटवणे, एकत्र जेवणे यातले काहीच उपयोगी नव्हते. त्यांच्यापैकी जी सावरली, ती मामाकडे, आत्याकडे किंवा मैत्रिणीच्या घरी राहायला गेली. आम्ही मग सल्ला देणे कमी केले आणि नात्यातला असा एखादा माणूस शोधून त्याच्याशी बोलणे वाढवले. टाळेबंदीत जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असे, तो मिळवून देणे हेही आमचे काम झाले.

मेस_बंद_आहे :

मला अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांविषयी लिहायचे आहे, कारण आम्हाला दिवस कसा काढायचा यापेक्षा तो कशासाठी काढायचा, हा प्रश्न होता.

मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत काम करत होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही कल्पना आमच्यासारख्या शेकडो मुलांचा महिन्याचा डबा भागवते. टाळेबंदीत कामाचे तास थांबले आणि त्याबरोबर मानधनही. गावी जाताना मेसच्या मावशींचे दीड महिन्याचे पैसे देणे राहिले होते, आणि त्यांचा फोन आला की मी तो उचलत नसे. शेवटी त्यांनीच भाचीकडून संदेश लिहून पाठवला की पैशांसाठी फोन करत नाही, जिवंत आहेस का तेवढे कळव.

परीक्षांचे तर विचारू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिलच्या अखेरीस सांगितले की अंतिम वर्षाच्या परीक्षा जुलैत घ्या. जूनमध्ये राज्य सरकारने ठरवले की परीक्षा न घेता सरासरीने गुण द्यायचे. 6 जुलैला आयोगाने परीक्षा सप्टेंबरअखेर घेणे बंधनकारक केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 28 ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेविना अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही. राज्यांना फार तर मुदत वाढवून मागता येईल. अखेर ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. एप्रिल ते ऑक्टोबर आम्ही पुस्तक उघडायचो आणि बातमी वाचून मिटायचो. घरचे विचारत, "झाला का रे पास?" आणि याचे उत्तर कुणापाशीच नव्हते.

या काळात मला ज्या गोष्टीने धरून ठेवले, ती अभ्यासाशी संबंधित नव्हती. गावातील जिल्हा परिषदेची शाळा बंद होती आणि गुरुजी वाड्या-वाड्यांवर जाऊन पारावर मुले बसवत. त्यांनी मला आमच्या वाडीची चौथीपर्यंतची पोरे सांभाळायला सांगितले. रोज सकाळी दीड तास मी मारुतीच्या पारावर भागाकार शिकवू लागलो. पदवी नव्हती, पण पोरे 'सर' म्हणत. परीक्षा होणार की नाही हा प्रश्न सकाळच्या त्या वेळात डोक्यात येत नसे.

गोदाकाठ :

पालक म्हणून लिहिते. पहिल्या टाळेबंदीविषयी सगळ्यांनी लिहिले आहे, पण माझ्या मुलाच्या पिढीला खरा धक्का एप्रिल 2021 मध्ये बसला.

आम्ही नाशिकला असतो. दुसऱ्या लाटेत आमच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक घरात रुग्ण होते आणि चाळिशी-पन्नाशीची माणसे अंथरुणाला खिळली होती. धावपळ कुणी केली? पदवीच्या वर्गांत असलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी. लस तेव्हा त्यांच्या वयाला मिळालेली नव्हती. 'तो तरुण आहे, त्याला काही होणार नाही' असे म्हणत आपण त्यांना रेमडेसिव्हिरच्या रांगेत उभे केले, प्राणवायूचे सिलिंडर भरून आणायला पाठवले. माझा मुलगा आणि त्याचे वर्गमित्र रात्रभर रुग्णालयांना फोन लावून कुठे खाट रिकामी आहे याची यादी करत आणि दर तासाला ती गटावर टाकत. सकाळी आठला त्याचा ऑनलाइन तास असे आणि तो त्यात हजेरी लावून पुन्हा फोनवर बसे. एकदा माझ्या दिराचे ऑक्सिजनचे प्रमाण 84 दाखवत होते तेव्हा घरात घाबरलो आम्ही, आणि शांतपणे रुग्णवाहिकेशी बोलत होता तो.

माणूस वाचला. पण मे महिन्यात सगळे निवळल्यावर मुलगा जेवेनासा झाला. त्याच्या यादीतील काही क्रमांकांवर खाट मिळण्याआधीच रुग्ण गेल्याचा निरोप आला होता आणि ती नावे तो विसरू शकत नव्हता. त्या वेळी आम्ही त्याला म्हणालो की आता परीक्षा जवळ आली आहे, अभ्यासाला लाग. ऐकणारी ताई, तुम्हाला विचारायचे आहे : अशा मुलांसाठी त्या वेळी काही करता आले असते का?

ऐकणारी :

गोदाकाठ, करता आले असते आणि काही ठिकाणी ते झालेही. आमच्याकडे अशी यादी करणाऱ्या मुलांचा एक गट होता. जूनमध्ये त्यांना आम्ही आठवड्यातून एकदा एकत्र बसवले, अर्थात पडद्यावरच. सुरुवातीला ते फक्त व्यवस्थेवर बोलत, कुठला क्रमांक खोटा होता, कुठे काळा बाजार होता. पुढे हळूहळू नावांवर आले. ज्यांनी तेच केले होते त्यांच्याजवळच ते बोलू शकले, आईवडिलांजवळ नाही, कारण आईवडील त्या वेळी रुग्ण होते आणि त्यांच्यासमोर 'मला भीती वाटली होती' असे म्हणणे त्यांना जमत नव्हते. आजही तुमचा मुलगा त्या वेळच्या मित्रांच्या संपर्कात असेल, तर त्याने त्यांच्याशी बोलण्याला उशीर झालेला नाही. झोप, जेवण किंवा काम यांवर अजून परिणाम होत असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मराठीतही चालतो.

कोथरूडचा_कासव :

गोदाकाठ काकू, आमच्या रात्रीच्या मीटमधले दोघे एप्रिल 2021 मध्ये याच कामाला लागले होते. त्या महिन्यात लिंक चालू असायची, पण टेबलावर वह्या नव्हत्या, दोन-दोन फोन होते. आम्ही तिघे त्यांच्यासाठी क्रमांक पडताळून द्यायचो. अभ्यास शून्य झाला आणि त्याचे कुणालाच वाईट वाटले नाही.

गणकमास्तर :

रानजाई, एक प्रश्न राहिला. तुमचा विषय प्रयोगशाळेचा. घरी वेळ मिळाला तरी प्रयोग कसे केले, आणि त्याचा पुढे त्रास झाला का? आमच्या विज्ञान शाखेतील सहकारी अजूनही म्हणतात की त्या तुकडीच्या हाताला सवय नाही.

रानजाई :

मास्तर, प्रयोग आम्ही ध्वनिचित्रफितीत पाहिले आणि निरीक्षणे सरांनी पाठवलेल्या तक्त्यातून उतरवली. सगळ्यांच्या प्रयोगवहीत तेच आकडे होते, दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत. 2021 मध्ये पदवी मिळाली आणि एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. पहिल्या आठवड्यात ब्युरेटची, म्हणजे थेंब-थेंब द्रव सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी माझ्याच्याने हळू सुटेना, थेंबाऐवजी धार पडायची आणि रंग एकदम गडद गुलाबी व्हायचा. तिथल्या वरिष्ठ बाईंनी विचारले, तुम्ही 'कोविड बॅच'च्या का. हो म्हटल्यावर त्यांनी डब्याच्या सुट्टीत नुसते पाणी भरलेले ब्युरेट माझ्यासमोर ठेवले आणि थेंब मोजायला सांगितले. माझ्याबरोबर लागलेली आणखी दोन मुले त्याच तुकडीची होती, तीही बसू लागली. महिन्याभरात हात बसला. तुमच्या सहकाऱ्यांना सांगा की सवय नाही हे खरे आहे, पण त्यासाठी एक ब्युरेट, एक सुट्टी आणि न हसणारी एक बाई एवढेच लागते.